कड्यावरचं वाळवंट

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम इथेच असतो, त्यामुळे वर्षातले ते दोन दिवस पेठेत मुंगी शिरायला जागा नसते. विठ्ठलाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली, म्हणून हे नाव, अशी कथा सांगतात. भाविकाला एवढं पुरतं. झाडांच्या नादी लागलेल्या माणसाला मात्र लगेच पुढचा प्रश्न पडतो: निवडुंग कुठला? फड्या असेल, तर तो अमेरिकेतून आलेला पाहुणा. त्रिधारी किंवा थोर असेल, तर तो विठोबाइतकाच इथला. कथा याबाबत काही बोलत नाही.

दोन्ही झाडं काटेरी, गुबगुबीत, बिनपानांची. शेताच्या बांधावर कुंपण म्हणून दोन्ही लावतात. पण त्यांचं घराणं एक नाही. कॅक्टस कुळात सुमारे दीड हजार जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. त्यांतली रिप्सालिस वंशातली एकच जात स्वतःहून आफ्रिकेत आणि श्रीलंकेत पोचली आहे. आपला थोर, शेर, त्रिधारी हे युफोर्बियाच्या, म्हणजे एरंडाच्या कुळातले. ओळखायला सोपं आहे. कॅक्टसचे काटे एका छोट्या लोकरीच्या गादीतून झुपक्याने निघतात. फूलही त्याच गादीतून येतं. थोराला अशी गादी नसते, त्याचे काटे बहुतेक जोडीने येतात आणि नखाने ओरखडा काढला की पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यांत गेला तर दवाखाना गाठावा लागतो, तेव्हा ओरखडा बेताने काढावा.

फड्या निवडुंग भारतभर पसरला त्यामागे रंगाचा धंदा होता. मेक्सिकोत या झाडावर कोचिनील नावाची पिठ्या ढेकणासारखी कीड पोसतात आणि ती वाळवून लाल रंग करतात. या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती आणि ईस्ट इंडिया कंपनीला त्यात वाटा हवा होता. मद्रासला कंपनीच्या जेम्स अँडरसन या डॉक्टरने कोचिनीलसाठी निवडुंगाची बाग लावली. 1795 साली कॅप्टन नीलसन ब्राझीलमधून कीड घेऊन कलकत्त्याला उतरला. कीड निघाली दुसऱ्याच जातीची. रंग हलका मिळाला, पण तिने निवडुंग असा फस्त केला की कीटकाकरवी तण मारण्याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ आज त्या फसलेल्या व्यवहाराकडे बोट दाखवतात. तिच्या तडाख्यातून दुसऱ्या जातीचा फड्या निवडुंग वाचला आणि माजला. त्याच्यासाठी 1926 मध्ये कोचिनीलचीच दुसरी जात मुद्दाम आणावी लागली. आज रानात दिसतात ती या दोन लढायांमधून उरलेली बेटं. त्यांची लाल बोंडं डांग्या खोकल्यावर देत असत. मात्र त्याआधी त्यांच्यावरची बारीक कुसळं राखेत घोळून काढायला जी आजी लागते, ती आता सहज मिळत नाही.

या पाहुण्यांचे दूरचे भाऊबंद आता शहरातल्या गॅलऱ्यांमध्ये आहेत. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन पाहा. गुलाबांच्या टेबलाभोवती जेवढी गर्दी असते, जवळपास तेवढीच कॅक्टसच्या कुंड्यांभोवती असते, आणि ती जास्त तरुण असते. कारण उघड आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आंब्याचं झाड लावता येत नाही, पण वीतभर लांबीच्या ट्रेमध्ये मॅमिलारियाच्या दहा जाती बसतात. चार दिवस गावाला गेलं तरी झाड रुसत नाही. लाल-पिवळ्या टोपीचा तो मून कॅक्टस तर सिग्नलवरसुद्धा मिळतो. त्या टोपीत हरितद्रव्य जवळजवळ नसतं, त्यामुळे ती एकटी जगू शकत नाही. जपानमध्ये तयार झालेलं हे वाण एका हिरव्या तिधारी खुंटावर कलम करून विकतात. तो खुंट ड्रॅगन फ्रूटचा सख्खा भाऊ आणि सगळं अन्न तोच बनवतो. दोन-तीन वर्षांत टोपी आणि खुंट यांचं जमेनासं होतं आणि घरच्यांना वाटतं, आपलंच पाणी चुकलं.

पाणी चुकतंच, पण वेगळ्या कारणाने. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चार महिने हवा ओली, ऊन नाही, कुंडीतली माती सुकत नाही. मेक्सिकोच्या डोंगरातल्या झाडाला याची सवय नाही. मे महिन्याच्या उन्हाने कॅक्टस मरत नाहीत, जुलैत मरतात. म्हणून इथले जुने छंदिष्ट मे अखेरीस गच्चीवर प्लास्टिकचं छप्पर टाकतात. मातीत पोयटा कमी आणि बारीक खडी, विटांचे तुकडे, जाड वाळू जास्त घालतात. पाणी घातल्यावर ते कुंडीच्या तळातून काही क्षणांत खाली दिसलं पाहिजे, एवढी साधी परीक्षा. नर्सरीवाला ‘ताई, याला आठवड्यातून एकदाच पाणी घाला’ म्हणतो तेव्हा तो ऋतू सांगत नाही. आठवड्यातून एकदा हा हिशेब मार्चला बरोबर आणि ऑगस्टला घातक आहे.

या झाडांना कमी पाण्यात जगणं जमतं कसं, हे समजून घ्यायला कॅक्टसची गरज नाही. घरात पानफुटी असेल तर पहाटे तिच्या पानाचा कोपरा दाताखाली धरून थुंकून टाका, आणि तेच संध्याकाळी करा. पहाटे पान आंबट लागतं, संध्याकाळी सपक. बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे भारतात राहत असताना टिपलं आणि 1815 मध्ये ते लंडनला छापून आलं. उलगडा व्हायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. सामान्य झाड दिवसा पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याच वाटेने पाणी गमावतं. पानफुटी, कॅक्टस आणि त्यांच्यासारखी झाडं दिवसा दारं लावून बसतात. ती रात्री, हवा गार असताना, वायू आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. उजाडल्यावर दारं बंद ठेवून तोच साठा उन्हात वापरतात. आंबटपणा म्हणजे रात्रीची साठवण.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते. पुण्याच्या आसपास वाळवंट नाही. मुळशीकडे धो-धो पाऊस, बारामतीकडे टिपूस, पण वाळू कुठेच नाही. तरीही सह्याद्रीच्या बेसाल्टच्या कड्यावर उभं राहिलं की हिशेब बदलतो. किती पाऊस पडला याला तिथे फार अर्थ नाही; पडलेलं पाणी किती वेळ थांबलं, हे महत्त्वाचं. उभ्या कातळावर ते तासभरही थांबत नाही. माती म्हणाल तर भेगेत साचलेली मूठभर. ऑक्टोबरनंतर सात महिने जवळजवळ थेंब नाही आणि एप्रिलमध्ये खडकाला हात लावून ठेववत नाही. अशा कड्यावर जी झाडं राहतात त्यांनी वाळवंटी झाडांचीच हत्यारं घडवली आहेत. महाराष्ट्राचं वाळवंट असं उभं आहे.

या कड्यांवरची सगळ्यात नामांकित रहिवासी शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. निकोल डाल्झेल हा स्कॉटिश माणूस मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यात होता. त्याने अलेक्झांडर गिब्सनबरोबर 1861 मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचं पुस्तक काढलं. हा गिब्सन म्हणजे दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख. त्या बागेत एका अनामिक चित्रकाराने काढलेली वनस्पतींची चित्रं आज एडिंबरोत जपलेली आहेत. जुन्नर भागात डाल्झेलला ही माकुडी मिळाली आणि तिला त्याने मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रेरचं नाव दिलं. गणेशखिंडीतला जो राजवाडा आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तो बांधायला घेतला तो याच फ्रेरने, 1864 मध्ये. इमारतीवरून रोज हजारो लोक जातात; ती बांधायला घेणाऱ्याच्या नावाचं झाड पाहिलेले फार थोडे.

झाड दिसायला नम्र. बोटाएवढ्या जाड, मऊ, फिकट हिरव्या फांद्या कड्यावरून खाली लोंबतात. पावसाळ्यात त्यांना पानं फुटतात, आणि शास्त्रज्ञांना नवल वाटतं ते या पानांचंच. फ्रेरियाच्या जवळच्या नात्यातल्या बहुतेक सगळ्यांनी पानं टाकून दिली आहेत. माळावर गवतात दिसणारी माकडशिंगी ही तिची चुलत बहीण, नुसत्या चौधारी कांड्या. मेंढपाळ तिची कोवळी कांडी चघळतात, भूक मरते म्हणतात. आता तिचाच अर्क वजन कमी करण्याच्या गोळ्यांत घालून जगभर विकतात. फ्रेरियाने मात्र पानं ठेवली, पण फक्त पावसापुरती. पाऊस ओसरू लागला की तारेच्या आकाराची, विटकरी-तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची, कडेला लव असलेली इंचभर फुलं येतात. मग पानं गळतात आणि उरलेलं वर्ष फांदी तेवढी कातळाला चिकटून राहते. मार्चमध्ये शेजारून गेलात तर वाळलेली मुळी समजाल.

शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा, महाबळेश्वरचा परिसर: अशा मोजक्या ठिकाणीच ती मिळाली आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या रेड डेटा बुकात तिची नोंद धोक्यातली म्हणून आहे. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी तिचं नाव आधी कॅरालुमात आणि मग बुसेरोसियात हलवलं, पण छंदिष्ट मंडळी तिला फ्रेरियाच म्हणतात.

आणि हीच फ्रेरिया युरोपात कॅक्टसवाल्यांच्या काचघरांमध्ये अगदी मामुली झाड आहे. फांदीचा तुकडा तोडा, चार दिवस सावलीत जखम सुकू द्या, खडीत खोचा, मूळ धरते. एका कांडीच्या दहा कांड्या व्हायला दोन मोसम पुरतात. म्हणजे झाड नष्ट होत नाही, फक्त डोंगरावर नष्ट होतं.

यात विशेष काही बिघडलं नाही असं वाटत असेल, तर मेक्सिकोतल्या गोल्डन बॅरलचं उदाहरण बघावं. सोनेरी काट्यांचा हा गोल कॅक्टस जगातल्या प्रत्येक मोठ्या हॉटेलच्या दारात असतो. नर्सऱ्यांमध्ये तो लाखांनी तयार होतो. त्याचं मूळ घर केरेतारो राज्यातल्या एका दरीचे कडे. 1990 च्या दशकात तिथे सिमापान धरण झालं, त्या घराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि जगातला बहुधा सगळ्यात जास्त विकला जाणारा कॅक्टस रानात धोक्यात आला. हॉटेलांच्या दारातली झाडं परत कड्यावर नेऊन लावली की काम झालं, असं होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नर्सरीत वाढलेली ती झाडं मोजक्या आईबापांची. त्यांत जलद वाढणारी, सरळ गोल होणारी निवडलेली. कोणत्या कड्यावरची कोणाला ठाऊक. फ्रेरियाच्या कांड्यांचं तर आणखी वाईट: कांडी म्हणजे हुबेहूब तेच झाड. शंभर कुंड्यांमध्ये शंभर फ्रेरिया असतील आणि तरी झाड एकच असेल.

तेव्हा कुंडीत वाढवणं आणि वाचवणं यांत फरक आहे. पण दोन्हींच्या मध्ये एक धडपड आहे आणि ती मला फार आवडते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात टूसॉन शहराच्या कॅक्टस मंडळाचे सभासद 1999 पासून बुलडोझरच्या पुढे जातात. तिथल्या कायद्याने रानातला कॅक्टस परवाना आणि बिल्ला असल्याशिवाय हलवता येत नाही. जिथे रस्ता किंवा वसाहत होणार तिथे मालकाची संमती घेऊन, बिल्ले लावून ही निवृत्त मंडळी कुदळी आणि जुने गालिचे घेऊन झाडं खणतात. गालिचा काट्यांसाठी. खणण्याआधी झाडाची दक्षिणेकडची बाजू खडूने खुणावतात आणि नव्या जागी तीच बाजू दक्षिणेला ठेवतात, कारण उन्हाची सवय नसलेली बाजू तिकडे वळली तर भाजते. मुळं छाटून काही दिवस कोरडी ठेवतात, मग लावतात. ओल्या जखमेने लावलं तर सडतं. हात उभारलेला साग्वारो त्यांना इतका मोलाचा का वाटतो? पहिल्या आठ-दहा वर्षांत तो जेमतेम दोन-चार सेंटिमीटर वाढतो आणि पहिला हात फुटायला बहुधा पन्नासाहून जास्त वर्षं जातात.

हे पुण्यात का होत नाही, असं विचारणं सोपं आहे. मला वाटतं, जसंच्या तसं इथे करूही नये. साग्वारो खणता येतो, फ्रेरिया खणता येत नाही. तिची मुळं कातळाच्या चिरेत असतात. शिवाय आपल्या कड्यांवर बुलडोझर क्वचितच येतो. तिथे येतात वणवा, शेळ्या, हौशी हात, आणि सदिच्छा. सदिच्छेचं नाव मी मुद्दाम घेतो. किल्ले स्वच्छ करण्याच्या उत्साहात तटाच्या भेगांमधलं ‘गवत’ खरवडून काढताना, काय खरवडतोय हे कोणी बघत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर हिरवाईसाठी गिरिपुष्प लावला गेला. त्याच्या सावलीत माळाचं गवत आणि त्यातले कंद मागे हटले. उघडा माळ पाहिला की आपल्याला तिथे खड्डे खणून रोपं लावायची असतात. तो माळ आधीच भरलेला असतो, हे जूनपर्यंत दिसत नाही, एवढंच.

त्या माळावरचं एक उदाहरण जवळून बघू. कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया. ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणून नर्सरीत लटकत्या कुंडीत मिळते ती दक्षिण आफ्रिकेतली सेरोपेजिया. तिच्या सख्ख्या बहिणी सह्याद्रीत पावसाळ्यात उगवतात आणि त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणातले एम. वाय. अन्सारी यांनी 1984 मध्ये भारतातल्या सेरोपेजियांवर पुस्तिका लिहिली, ती अजून अभ्यासकांच्या हाताशी असते. फूल बोटाच्या दोन पेरांएवढं. तळाशी फुगवटा, वर अरुंद नळी, आणि माथ्यावर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला कंदील. बारीक माश्या वासाने येतात, कंदिलाच्या खिडकीतून शिरतात आणि नळीत घसरतात. आतले केस खाली वळलेले. खाली जाता येतं, वर येता येत नाही. माशी फुगवट्यात अडकते, धडपडते आणि तिच्या सोंडेला परागपुंज चिकटतो. मग केस सुकतात, फूल कलतं, माशी सुटते आणि काहीही न शिकता पुढच्या कंदिलात शिरते. फूल संपलं की हिवाळ्यात वेल दिसेनासा होतो आणि मातीखाली नुसता कंद राहतो. गुराखी मुलं तो उकरून खातात. कुंडीत लावलेला असेल तर मालक ‘मेलं वाटतं’ म्हणून पाणी घालतात आणि तेव्हा तो खरोखर मरतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव यांच्या पुढाकाराने या कंदीलपुष्पांचा मोठा जिवंत संग्रह उभा राहिला. शिरवळजवळ शिंदेवाडीच्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने फ्रेरिया कुठे कुठे उरली आहे ते शोधलं आणि ती वाढवण्याचं काम केलं. हे संस्थांचं काम आहे आणि ते त्यांनीच करावं. राखीव जंगलातून रोप उपटणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि शिवनेरी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. ‘मी वाचवायला नेतोय’ हे वाक्य तिथे चालत नाही, चालूही नये. जगातल्या प्रत्येक चोराने ते कधी ना कधी म्हटलेलं आहे. 2015 मध्ये सगळ्या कॅक्टसांची पाहणी छापून आली, तिच्यात 31 टक्के जाती धोक्यात निघाल्या आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना बागवाले आणि संग्राहक यांच्यासाठी होणारी वेचणी भोवत होती. 2020 मध्ये इटलीत एका घरातून चिलीच्या अटाकामा वाळवंटातले हजाराच्या वर कॅक्टस पकडले गेले; पुढच्या वर्षी त्यांतले आठशेहून जास्त विमानाने परत चिलीला गेले. ती झाडं बहुतेक कोपियापोआ वंशातली, पाऊस नसलेल्या किनाऱ्यावर धुक्यावर जगणारी. पकडणाऱ्यांनी ओळखली कशावरून? नर्सरीतलं झाड गुळगुळीत, हिरवं असतं. यांच्या अंगावर वाळवंटाने शंभर वर्षं मारलेले ओरखडे होते.

मग गॅलरीतल्या छंदिष्टाने काय करावं? माझं उत्तर थोडं रुक्ष आहे: पाटी लिहावी. युरोपातल्या जुन्या संग्राहकांमध्ये ‘फील्ड नंबर’ची पद्धत आहे. त्यांतल्या वॉल्टर राउशने दक्षिण अमेरिकेत गोळा केलेल्या बियांच्या प्रत्येक लॉटला क्रमांक दिला. त्या बियांचं रोप, रोपाचं बी, त्याचंही रोप, सगळ्यांबरोबर तो क्रमांक चालत राहतो. चाळीस वर्षांनी मूळ डोंगरावर खाण झाली असेल, तरी कुणाच्या तरी कुंडीतलं झाड कुठल्या उतारावरचं हे ठाऊक असतं, आणि तेव्हा ते संशोधकाच्या कामाचं ठरतं. आपल्याकडे पाटीवर फार तर नाव असतं, तेही अनेकदा नर्सरीवाल्याने ऐकलेलं. विकत घेताना दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: बियांचं आहे की कटिंगचं, आणि मूळ माल कुठला. बरेच गोल कॅक्टस कालिंपाँगच्या नर्सऱ्यांमधून येतात आणि तिथले लोक हे सांगू शकतात. देशी झाडाबाबत उत्तर ‘गडावरून आणलंय’ असं आलं, तर कुंडी खाली ठेवून निघावं.

फ्रेरिया घरी असेल, योग्य मार्गाने आलेली, तर पुढची पायरी बियांची. एकाच झाडाच्या कांड्यांनी गॅलरी भरण्यापेक्षा एकाच ठिकाणच्या, पण एकमेकांच्या कांड्या नसलेल्या दोन झाडांमध्ये परागण करावं; शिवनेरीकडचं मूळ वज्रगडच्या मुळात मिसळू नये. पराग पुडीच्या रूपात चिकटलेला असतो. भिंग लावून, बारीक सुईने ती पुडी उचलून दुसऱ्या फुलाच्या खाचेत सरकवावी लागते. डाव्या हाताने फूल धरताना श्वास रोखून धरायची सवय आपोआप लागते. साधलं तर शिंगांसारख्या जोडीच्या शेंगा धरतात आणि पुढे एका बाजूने उकलतात. आत प्रत्येक बीला रेशमाचा झुपका असतो, रुईसारखा. शेंग तडकायच्या आधी तिला मलमलचं फडकं बांधायला विसरू नये, नाही तर एका दुपारच्या वाऱ्यात वर्षाचं काम शेजारच्या सोसायटीत जातं, आणि ते परत मागायला जाताना नेमकं काय सांगायचं, हा प्रश्न पुण्यात वाटतो तितका सोपा नाही.